सातव्या पत्रकावरची नदी

नकाशा-विभागातल्या वहिनी खरं तर एकाच माणसाच्या वहिनी. तो माणूस म्हणजे त्यांचे धाकटे दीर, संस्थेतले संस्कृतचे संशोधक. एकतीस वर्षांपूर्वी ते त्यांना पहिल्यांदा इथे घेऊन आले, खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट दाखवून "वहिनी, हे तुमचं" म्हणाले, आणि तेव्हापासून संचालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांनी तेच नाव उचललं. खरं नाव उरलं दोनच ठिकाणी. हजेरीपटावर, आणि प्रत्येक नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, 'रेखाटन' या शब्दापुढे, मुंगीएवढ्या अक्षरांत.

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला त्या टेबलावर पुठ्ठ्याची एक लांब नळी येऊन पडली. पावणेअकराला वहिनींच्या लक्षात आलं की दुपारी तीन वाजता छापखान्यात जो नकाशा सुरू होणार आहे, त्यावरची एक नदी खोटी आहे.

त्यांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला आणि पुन्हा पाहिलं. नदी खोटीच होती.

संस्थेचं काम सांगायला सोपं आहे आणि करायला महाकठीण. जुन्या संस्कृत ग्रंथांत ज्या मायभूमीचं वर्णन येतं, तिच्या नद्या, डोंगर, वाटा आणि वस्त्या शोधायच्या आणि आजच्या जमिनीवर नेऊन बसवायच्या. ग्रंथांत नावं ढीगभर, पत्ता कुणाचाच नाही. एक कवी नद्यांची यादी एका दमात म्हणून टाकतो. मास्तर वर्गाची हजेरी घेतो तशी. कोण कुठल्या बाकावर बसतं ते काही तो लिहून ठेवत नाही. मोठ्या नद्या ओळखता येतात, त्यांच्याबद्दल फारसं भांडण नाही. भांडण आहे ते या यादीत एकदाच डोकावून गेलेल्या लहान नद्यांबद्दल. सुसर्तू ही त्यांतलीच एक. तृष्टामा आणि रसा या दोन नावांच्या मधे तिचं नाव येतं, आणि ती कुठे होती हे कुणालाच ठाऊक नाही.

नऊ वर्षांपूर्वी दिरांना ती सापडली. म्हणजे वहिनींनी त्यांना ती काढून दिली.

दूरच्या एका दप्तरखान्यात त्या कोरड्या मुलखाचा दीडशे वर्षांपूर्वीचा मोजणी-नकाशा होता. छायाचित्र काढायला बंदी. रखवालदारासमोर बसून गिरवून घेतलं तर चालेल, तेही दोन दिवसांत. वहिनी गेल्या. दोन दिवस, रोज सात तास, पारदर्शक कागदाखाली जे दिसेल ते गिरवत राहिल्या. ज्या म्हाताऱ्या नकाशेकाराकडे त्या शिकल्या होत्या, त्याचा एकच दंडक होता: डोळ्याला दिसतं ते काढायचं, डोक्याला कळतं ते काढायचं नाही. गिरवणारा शहाणपणा करायला लागला की डोंगर सरळ होतात आणि नद्यांना नको तिथे पाणी येतं. वहिनींनी आयुष्यभर शहाणपणा केला नाही. वाळवंटाच्या ओसाड कोऱ्या जागेत त्यांना एक तपकिरी ओळ दिसली. मधूनच फिकी, मधूनच दाट, दोन्ही बाजूंना बारीक फाटे. जुन्या नकाशांत कोरड्या नदीपात्राला हाच रंग असतो. त्यांनी ती फाट्यांसकट, वळणावळणाने, जशीच्या तशी उतरवून आणली.

दीर तेव्हा तो कागद घेऊन घरभर नाचले होते. त्या ओळीवर त्यांनी पुस्तकाचं चौदावं प्रकरण उभं केलं. त्या प्रकरणावर पुस्तक उभं राहिलं, आणि पुस्तकावरून शाळांसाठी भिंतीवरचे बारा नकाशे करायचं ठरलं. सातवं पत्रक त्यांतलं. अकराशे चाळीस शाळांत ते जाणार होतं.

आजची नळी त्याच दप्तरखान्यातून आली होती. जुन्या नकाशाचा एक कोपरा फाटका होता, तिथले आकडे वाचता येत नव्हते, म्हणून वहिनींनी आठ महिन्यांपूर्वी पत्र टाकलं होतं. उत्तराची आशा सोडून दिली होती. आता दप्तरखान्याने त्याच नकाशाच्या दुसऱ्या प्रतीची नक्कल पाठवली होती. सोबत दोन ओळींचं पत्र: ही प्रत आम्हाला अलीकडे मिळाली, ती कधीच घडी न घालता सपाट ठेवलेली असल्याने कोपरा शाबूत आहे, आपल्या उपयोगी पडावी.

वहिनींनी कोपऱ्यातले आकडे टिपून घेतले. तिथेच थांबल्या असत्या तर काही झालं नसतं. पण हाताला सवय. त्यांनी खालून उजेड पडणाऱ्या काचेच्या टेबलावर नवी नक्कल पसरली आणि कपाटातून आपला नऊ वर्षांपूर्वीचा गिरवलेला कागद काढून तिच्यावर ठेवला. डोंगर डोंगरावर बसले. विहिरी विहिरींवर बसल्या. उंटांची वाट वाटेवर बसली. सुसर्तू मात्र कशावरच बसली नाही. तिच्याखाली पांढरा कागद होता.

'घडी न घालता सपाट ठेवलेली.' त्यांनी पत्रातली ती ओळ पुन्हा वाचली आणि कर्कटक हातात घेतलं. नकाशाची रुंदी अडुसष्ट सेंटिमीटर. नदी डावीकडून एक्कावन्नावर सुरू होत होती आणि एक्कावन्नावरच संपत होती. अडुसष्टचा पाऊण हिस्सा. जुना नकाशा चार पदरी घडी घालून ठेवलेला होता: सतराला एक घडी, चौतीसला एक, एक्कावन्नला एक. चौतीसची घडी मधोमध फाटलेली होती म्हणून त्यांनी ती तेव्हाच ओळखली होती. सतराची डोंगरांच्या दाट रेघांत बुडून गेली होती. आणि एक्कावन्नची, मागून कापड चिकटवताना वर झिरपलेल्या खळीने तपकिरी झालेली, धागे सुटलेली, कोऱ्या वाळवंटात एकटीच पडलेली ती घडी त्यांनी दोन दिवस डोळे फोडून, फाट्यांसकट उतरवली होती. तिची वळणं उसवलेल्या धाग्यांची होती. आणि ती वाळूत लुप्त होत होती ती नेमकी नकाशाच्या निम्म्या उंचीवरच्या आडव्या घडीपाशी.

फोन वाजला. छापखान्याचा फोरमन.

"वहिनी, सातच्या चारही प्लेटा चढवल्या. एक नमुना काढलाय, झकास आलाय. ठीक तीनला सुरू करतो. तुम्ही येणार ना बघायला?"

"थांबवता येईल?"

"काय?"

"सातवं. थांबवता येईल का, विचारतेय."

फोरमन हसला. "वहिनी, सहा वाजता परीक्षेच्या प्रश्नपत्रिका मशीनवर येतात. दाराला कुलूप, कुलपाला मोहोर. पुढचे पाच आठवडे मीसुद्धा बाहेर येत नाही, बायकोला तसं सांगून ठेवलंय. ती खूश आहे. सातवं आज निघालं तर निघालं."

"आणि प्लेटवर दुरुस्ती?"

"तेवढी करता येईल. पण लेखकाची सही लागेल. नियम तुमचाच आहे."

नियम त्यांचाच होता. दहा वर्षांपूर्वी कुणा हौशी माणसाने छपाईच्या वेळी एक डोंगर 'जरा बरा दिसतो' म्हणून सरकवला होता. त्यानंतर वहिनींनीच संचालकांना लिहून दिलं होतं की लेखकाच्या सहीशिवाय प्लेटला कुणी हात लावायचा नाही. आपणसुद्धा नाही, असं त्यांनी त्यात मुद्दाम घातलं होतं.

त्यांनी नवी नक्कल गुंडाळली, गिरवलेला कागद गुंडाळला, मग कपाटाच्या तळातून, ज्या संशोधनाच्या नकाशावरून पुढे सातवं पत्रक झालं, त्याचे जुने मसुदे काढले. त्यांतला तिसरा, चौथा आणि पाचवा घेतला. घड्याळात अकरा पंचवीस. दीर आज घरीच लिहीत बसले होते. घर चालत वीस मिनिटांवर.

घर दुमजली. खाली वहिनी आणि त्यांचा नवरा, वर धाकटे दीर. दिरांनी लग्न केलं नव्हतं; स्वयंपाक एकच, जेवण एकत्र, भांडणंही एकत्रच. वहिनींचा नवरा चष्म्याच्या दुकानातून निवृत्त झालेला. अजूनही रस्त्यावरच्या माणसांकडे पाहून तो त्यांचे नंबर सांगत असे. तो दारातच खुर्ची टाकून बसला होता.

"तू? या वेळेला? छापखान्याला आग लागली की काय?"

वहिनींनी तीन वाक्यांत सांगितलं. नवऱ्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे तू काढलीस घडी, आणि त्याने तिच्यावर पूल बांधला."

"विनोद करू नका."

"करत नाहीये. त्याला माहीत आहे?"

"आता सांगणार."

नवऱ्याने खुर्ची जरा आत ओढली. "हे बघ, चूक तू लपवावीस असं मी म्हणणार नाही, तू ऐकणारही नाहीस. पण तो कसा आहे ते तुला ठाऊक आहे. लहानपणी बुद्धिबळात हरला तर पट उधळायचा आणि आठ-आठ दिवस माझ्याशी बोलायचा नाही. आता चोपन्नाव्या वर्षी आठ दिवसांवर भागणार नाही. या वयात घरात दुसरी चूल मांडायची माझी इच्छा नाही."

"माझी आहे?"

"तसं नाही. जिना सावकाश चढ, एवढंच."

दिरांची खोली पुस्तकांनी अशी भरलेली की दार पूर्ण उघडत नसे. वहिनी तिरक्या होऊन आत शिरल्या. भिंतीवर सातव्या पत्रकाचं शेवटचं प्रूफ टाचलेलं होतं. निळ्या नद्या, तपकिरी डोंगर, आणि उजवीकडे कोऱ्या वाळवंटात ती एकटी तपकिरी ओळ, तिच्यालगत एकेक अक्षर सुटं सुटं पसरून लिहिलेलं नाव. ती अक्षरंही वहिनींच्याच हातची.

"या या वहिनी!" दीर खुर्चीतून उठले. "आज लेक सासरी निघाली, आणि आई इकडे काय करतेय?"

"भावजी, लेक आपली नाही."

त्यांना वाटलं वहिनी थट्टा करताहेत. मग त्यांनी वहिनींचा चेहरा पाहिला आणि टेबलावरची पुस्तकं दोन्ही हातांनी बाजूला सारली.

वहिनींनी आधी नवी नक्कल अंथरली, तिच्यावर गिरवलेला कागद. खिडकीतून ऊन येत होतं, तेवढं पुरेसं होतं. दीर वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"या प्रतीत छापायची राहिली असेल."

"एकाच ठशावरून निघालेल्या प्रती आहेत. खाली क्रमांक बघा, तोच आहे."

"मग पहिल्या प्रतीत नंतर कुणी हाताने भरली असेल. एखादा मोजणीदार परत गेला असेल त्या भागात, त्याला पात्र दिसलं असेल. असं करायचे ते लोक. त्यात न पटण्यासारखं काय आहे?"

वहिनींनी कर्कटक आणि पट्टी त्यांच्यापुढे ठेवली. "रुंदी मोजा. मग नदी कुठे आहे ते मोजा."

त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. तोंडातल्या तोंडात भागाकार केला.

"योगायोग."

"एक झाला. ती संपते कुठे, तेही मोजा. उंचीच्या बरोबर निम्म्यावर. आडवी घडी."

"वहिनी, मी काही फक्त या ओळीवर विसंबून नाही!" दिरांचा आवाज चढला. "ग्रंथाचा आधार आहे. कवी क्रमाने जातो. आधी तृष्टामा, मग सुसर्तू, मग रसा. त्या दोघींच्या मधे एक नदी असायलाच हवी आणि नेमकी तिथेच ही आहे. नकाशा चुकला म्हणून ग्रंथ चुकत नाही."

वहिनींना हे वाक्य येणार हे ठाऊक होतं. वीस मिनिटांच्या चालण्यात त्यांनी त्याचीच वाट पाहिली होती. आजवर त्यांनी दिरांच्या विषयात तोंड घातलं नव्हतं. ते सांगतील तिथे रेघ, ते म्हणतील तिथे नाव. त्यांनी तिसरा मसुदा उघडला.

"हे तुमचं नऊ वर्षांपूर्वीचं. मी दप्तरखान्यात जायच्या आधीचं. यात तृष्टामा कुठे आहे?"

दिरांनी मसुदा स्वतःकडे ओढला.

"इथे, वरती. पुढे प्रश्नचिन्ह. रसा इथे. तिच्याही पुढे प्रश्नचिन्ह. दोघींच्या मधे दुसरीच एक नदी वाहतेय आणि सुसर्तू समासात, 'जागा अनिश्चित'मध्ये. आता हा चौथा. मी परत आल्यावरचा. तृष्टामा दोन बोटं खाली सरकली. रसा इकडे आली. तुम्ही मला चिठ्ठीवर लिहून दिलं होतंत, 'दोघींना या पात्राच्या दोन्ही बाजूंना घ्या.' चिठ्ठी मागे टाचलेली आहे. आणि हा पाचवा. यात सुसर्तूपुढचं प्रश्नचिन्ह गेलं."

"म्हणजे तुम्हाला म्हणायचंय काय?"

"ती दोघींच्या मधे सापडली नाही, भावजी. दोघी तिच्या दोन बाजूंना नेऊन बसवल्या. मी बसवल्या, तुमच्या सांगण्यावरून. मला तेव्हा ते वावगं वाटलं नाही. आज तिन्ही कागद एकदम बघितले तेव्हा दिसलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होत नव्हती. दीर पाचव्या मसुद्याकडे बघत होते. बोलले तेव्हा त्यांचा आवाज एकदम बसला होता, आणि वहिनींना तो चढलेल्या आवाजापेक्षा जास्त जड गेला.

"नऊ वर्षं. पुस्तक माझं, पण त्याखालचा कागद तुमचा होता. मी कधी उलटून विचारलं नाही. जग इकडचं तिकडे होईल, वहिनींची रेघ होणार नाही, असं मी भर सभेत सांगितलंय."

"माहीत आहे."

"मग ही हुशारी तेव्हा कुठे गेली होती?"

"तेव्हा नव्हती. चूक माझी आहे, मी नाकारत नाही. तुम्ही फक्त सही द्या. तीनच्या आत प्लेटवरून ओळ काढता येईल."

"नाही."

"भावजी..."

"नाही म्हटलं ना! आज छापून होऊ दे. सोमवारी नकाशे शाळांत जाताहेत, सगळीकडे कळवून झालंय. मी पुन्हा तपासेन, शांतपणे. चूक असली तर पुढच्या आवृत्तीत शुद्धिपत्र टाकू."

"भिंतीवरच्या नकाशाला शुद्धिपत्र कुठे चिकटवायचं?"

दिरांनी पाठ फिरवली आणि खिडकीची झडप लावून घेतली. "जा तुम्ही."

वहिनी गेल्या. कागद मात्र त्यांनी गुंडाळले नाहीत. नवी नक्कल, गिरवलेला कागद, तिन्ही मसुदे, चिठ्ठी, सगळं टेबलावर तसंच राहू दिलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याजवळ आता एकही पुरावा नाही. वर एक माणूस रागात बसला आहे, आणि त्याच्या हाताशी सगळं आहे. त्या क्षणभर थांबल्या. नवरा खुर्चीतून मान वळवून बघत होता.

"जेवून जा."

"वेळ नाही."

"बोलला काय?"

"जा म्हणाले."

नवऱ्याने मान हलवली. "मग जा," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, त्या रस्त्यावर पोचल्यावर, मागून ओरडला, "छत्री राहिली!" ऊन रणरणत होतं, पण वहिनी परतल्या नाहीत.

छापखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला; वहिनी आत शिरताना एक पंचावन्न झाले होते. मशीन स्वच्छ पुसून तयार, कोऱ्या कागदांचा छातीइतका उंच गठ्ठा एका टोकाला. फोरमनने काढलेला नमुना टेबलावर होता. चारही रंग जिथल्या तिथे बसले होते. सुसर्तू इतकी ठसठशीत आली होती की वहिनींनी नजर दुसरीकडे वळवली.

"सही?" फोरमनने विचारलं.

"नाही दिली."

"मग विषय संपला." त्याने हात पुसले. मग त्याला राहवलं नाही. "आहे काय एवढं त्यात?"

वहिनींनी सांगितलं. फोरमनने नमुन्यावर बोट ठेवलं, ओळीवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं, आणि त्याचा चेहरा बदलला. कागद, घडी आणि खळ या तीन गोष्टी त्याला समजावून सांगाव्या लागत नव्हत्या.

"आयला. घडीच की हो."

"हो."

"पण वहिनी, एक सांगू? रागावू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे नदी होती की नव्हती, कोण जाणार आहे बघायला? कुणाचं पीक बुडतंय?"

"प्लेट उतरवा."

"अहो, सही नाही!"

"रजिस्टर आणा. मी लिहून देते."

"नियम तुम्हीच केला, त्यात 'वहिनीसुद्धा नाही' असं तुम्हीच घातलंत, मी रोज भिंतीवर वाचतो. उद्या संचालकांनी विचारलं तर मी काय सांगू? वहिनींनी डोळे वटारले म्हणून?"

"सांगा की मी नियम मोडला. तुम्ही अडवलंत, मी ऐकलं नाही. तेही लिहिते."

फोरमन घड्याळाकडे बघत राहिला. दोन वाजून बारा. मग त्याने रजिस्टर आणून त्यांच्यापुढे आपटलं. वहिनींनी नेहमीच्या बारीक अक्षरांत लिहिलं: 'पत्रक सात. मूळ नकाशावरची घडी नदीचं पात्र समजून मी गिरवली. ती ओळ व तिच्यालगतचं नाव लेखकाच्या संमतीशिवाय, फोरमनचा विरोध असताना, मी काढत आहे. जबाबदारी माझी.' खाली सही, वेळ. हजेरीपटाबाहेर, नकाशाच्या कोपऱ्याबाहेर, बऱ्याच वर्षांनी त्यांनी आपलं नाव पूर्ण लिहिलं होतं.

तपकिरी रंगाची प्लेट उतरून टेबलावर आली. खोडायचं रसायन पेनासारख्या नळीतून येतं. लावायचं, थोडं थांबायचं, ओल्या बोळ्याने पुसायचं. तिथे मग शाई धरत नाही, आणि एकदा खोडलेलं परत आणता येत नाही. वहिनींनी वरच्या टोकापासून सुरुवात केली. जी वळणं त्यांनी दोन दिवस जपून उतरवली होती, ती पुसायला अकरा मिनिटं लागली. फाटे आधी, मग पात्र. शेजारी विहिरींचे तीन ठिपके होते, ते खरे होते, त्यांना धक्का लागू न देता. त्यांचा हात हलला नाही. त्या अजून उभ्याच आहेत, हे फोरमनच्या लक्षात आलं. त्याने पायाने एक स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

मग काळी प्लेट. तीन सुटी अक्षरं. दोन खोडून झाली असतील, तेव्हा बाहेर मोठ्याने बोलणं ऐकू आलं आणि दार उघडलं.

दीर होते. घामाने डबडबलेले, पायात घरातल्या चपला, काखेत कागदांची गुंडाळी. दोन वाजून एक्केचाळीस. फोरमन चटकन उठून मशीन आणि ते यांच्या मधे उभा राहिला. नक्की कुणाला वाचवायला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"साहेब, मी अडवलं होतं. रजिस्टरात आहे."

दिरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते टेबलाशी आले. तपकिरी प्लेट उजेडात तिरकी धरून त्यांनी उजवा भाग शोधला. तिथे तीन विहिरी होत्या आणि बाकी काही नव्हतं. त्यांनी अंगठा त्या जागेवरून फिरवला, ओळ हाताला तरी लागते का बघावं तसा.

"काढलीत."

"काढली."

"मी नाही म्हटलं होतं."

"हो."

फोरमन कोऱ्या कागदांचा गठ्ठा उगाचच सारखा करत होता. दीर रजिस्टरकडे वळले, वहिनींनी लिहिलेलं त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं. 'लेखकाच्या संमतीशिवाय' या शब्दांवर बोट थांबलं, तिथून पुढे गेलं, परत तिथेच आलं.

"मी चौथा आणि पाचवा एकावर एक ठेवून बघितले," ते म्हणाले. ते वहिनींना म्हणाले की स्वतःशी, हे स्पष्ट नव्हतं. "तिसराही. तुमची चिठ्ठी... म्हणजे माझी चिठ्ठी वाचली. माझंच अक्षर आहे." मग एकदम तोडून, "सूचीतलं नाव? तेही काढणार होतात?"

नकाशाच्या डाव्या कोपऱ्यात ग्रंथांतल्या सगळ्या नद्यांची, ग्रंथातल्याच क्रमाने, सूची होती, नावापुढे चौकटीचा क्रमांक. सुसर्तूपुढे 'ड ४'.

"नाव नाही काढणार. ते ग्रंथातलं आहे, माझ्या घडीतलं नाही. चौकट काढावी लागेल."

"तिथे मोकळी जागा दिसेल. चूक राहिल्यासारखी. आडवी रेघ हवी, म्हणजे कळेल की जागा माहीत नाही." ते फोरमनकडे वळले. "प्लेटवर रेघ नव्याने टाकता येते?"

"खोडता येतं साहेब. घालता येत नाही."

वहिनींनी भिंग डोळ्याला लावलं आणि काळ्या प्लेटवरचं ते अक्षर नीट न्याहाळलं. "घालायला नको," त्या म्हणाल्या. "ड च्या डोक्यावर रेघ आहेच. खालचं पोट पुसते आणि पुढचा चार पुसते. वरची राहू दे."

दिरांनी वाकून बघितलं. मग त्यांनी फोरमनच्या खिशातलं पेन न विचारता काढून घेतलं, वहिनींच्या सहीखाली आपली सही केली, आणि 'संमतीशिवाय' या शब्दातलं 'शिवाय' एका रेघेत खोडून वर 'ने' लिहिलं. पेन त्यांनी परत त्याच्या खिशात खोवलं.

"तृष्टामा आणि रसा यांना प्रश्नचिन्हं आहेत ना?"

"आहेत. ती मी कधीच काढली नव्हती."

"बरं." ते दाराकडे निघाले, मधेच थांबले. "रात्री माझं जेवण वर पाठवून द्या. मी खाली येणार नाही."

"पाठवते."

"आज तरी नाही," ते म्हणाले, आणि गेले.

वहिनी परत प्लेटवर वाकल्या. त्या अक्षराखालचा भाग तांदळाच्या दाण्याएवढाही नव्हता. त्यांनी श्वास रोखून रसायनाचा एक थेंब टेकवला, मनात वीसपर्यंत मोजलं आणि पुसून घेतला. तीन वाजून सहा मिनिटांनी मशीन सुरू झालं. फोरमनने पहिला कागद ओढून त्यांच्यापुढे धरला. सूचीत, रसेच्या वर, सुसर्तूचं नाव होतं, आणि त्यापुढे एक बारीक काळी रेघ.